विजूताईचे पितळी डबे

विजूताई, तू गेलीस त्याच आठवड्यात डेलचा फोन आला. आपल्या पलटणीचा कॅप्टन डेल. एरवी अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा त्याचा आवाज, पण त्या दिवशी खाकरून खाकरून बोलत होता. हवापाण्याची दोन वाक्यं झाली आणि मग म्हणाला, 'मे महिन्याच्या कॅम्पला दुकानांच्या रांगेत मिस विजूची जागा आहे. ती ठेवू, का दुसऱ्या कुणाला देऊ?' मी म्हटलं, कळवते. फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. तू मोठं घर विकून अपार्टमेंटमध्ये गेलीस तेव्हापासून तुझा कॅनव्हासचा तंबू आमच्याच गॅरेजमध्ये आहे. त्याचे खांब, दोऱ्या, लाकडी फळी, दोन पेट्या. त्यांच्यापायी माझ्या नवऱ्याची, सुधीरची गाडी हिवाळाभर बाहेर बर्फात असते आणि तो बिचारा रोज सकाळी काच खरवडतो. तुला कधी एक शब्द बोलला नाही. घाबरायचा तुला.

इथे अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या मराठी बायकांना तू नक्की काय करायचीस ते शेवटपर्यंत समजलं नाही. भेटायला आलेल्या एकीने मला विचारलं, 'त्या ऐतिहासिक नाटकात काम करायच्या ना?' मी म्हटलं, नाटक नाही हो, दुकान. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा लढून दाखवणारे हौशी लोक इकडे आहेत. शनिवार-रविवारी लोकरीचे निळे कोट घालून मैदानात उतरतात, बार उडवतात, मरून पडतात, मग उठून सरबत प्यायला येतात. ते सरबत विजूताई विकायची. त्या काळी पलटणीच्या मागे मागे दुकान घेऊन फिरणारे लोक असायचे, सटलर म्हणायचे त्यांना. साबण, सुया, तंबाखू, बिस्किटं, लोणचं, असलं सगळं शिपायांना विकायचे. त्यांत बायकाही असायच्या, आणि आमची विजूताई ही त्यातली बाई. ती काकू म्हणाली, 'अगंबाई, म्हणजे बाजारबुणगी.' मला राग आला. गंमत बघ, हाच शब्द मी तुला पहिल्या दिवशी ऐकवला होता.

तो पहिला दिवस आठवतो? तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हायवेवर ड्राइव्ह करायची मनाई, आणि तुला गाडीसकट ड्रायव्हर हवी होती. आपली ओळख गणपतीच्या आरतीपुरती. मी तुला अहो-जाहो केलं तर म्हणालीस, 'ए, तुम्ही-बिम्ही म्हणू नकोस, मी अजून सत्तरीची व्हायचीय.' जाताना सगळी गोष्ट सांगितलीस. भाऊजींना रिटायर झाल्यावर ह्या लढायांचं वेड लागलं, ते साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि तू सोबत गेलीस. पहिल्या दिवशी झाडाखाली बसून कंटाळलीस. 'विणत बसायचं काय गं? पुढच्या वेळी शेंगदाण्याचे लाडू करून नेले. तासात टोपली रिकामी.' मग भाऊजी गेले. सगळ्यांना वाटलं, आता ही येणार नाही. तू पुढच्याच कॅम्पला हजर. 'ते गेले म्हणून बाकीच्यांनी उपाशी राहायचं?' एवढंच तुझं म्हणणं.

मी नागपूरची, माझे बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. इतिहासाचं काही निघालं की मला गप्प बसवत नाही. म्हटलं, 'ताई, आमचे बाबा सांगायचे, पानिपतावर आपण हरलो ते ह्याच लोकांमुळे. लढणारे मूठभर आणि मागे बाजारबुणग्यांचं लटांबर.' तू खिडकीतून बाहेर बघत होतीस, ती गर्रकन वळलीस. 'लटांबर? भाकरी आभाळातून पडत होती काय गं? घोड्यांना चंदी कोण घालत होतं, सेनापती? हरले की बरे बुणगे आठवतात. जिंकले तेव्हाचं एकाचं तरी नाव सांग मला.' 'ते वेगळं,' मी म्हटलं. 'वेगळं कसं?' तू म्हणालीस. बाप्पा, तिथून जे सुरू झालं ते किती वर्षं चाललं. दर कॅम्पला जाता-येता तेच पानिपत. एकदा तर भांडता भांडता एक्झिट चुकली आणि पार इंडियानाच्या दिशेने गेलो. तुला जीपीएस लावलेला आवडायचा नाही, कारण 'ती बाई मधे मधे बोलते.'

आणि ती मार्था. कपडे आणि सामान त्या काळाला धरून आहे का हे तपासणारी. चष्मा नाकावर घेऊन आली आणि तुझ्या झग्याचं कापड दोन बोटांत धरलं. जुन्या सुती साडीचा तू शिवलेला तो चौकडीचा झगा. तू म्हणालीस, 'असलं कापड आमच्याकडून जहाजाने तुमच्याकडे येत होतं. तुझ्या पणजीच्या आईनेही घातलं असेल.' कापड पास. मग तिने लाडू उचलला. हा त्या काळी होता का? 'शेंगदाणे होते, गूळ होता, हात होते,' तू म्हणालीस. तिने एक खाल्ला, मग दुसरा खाल्ला, लाडू पास. पण शेवटी फळीखाली वाकली आणि तिला आपले स्टीलचे डबे दिसले. झालं. स्टेनलेस स्टील त्या काळी नव्हतं. तिचं बरोबरच होतं, तुलाही ते माहीत होतं, म्हणून तर गाडीत चिडलीस. पुढच्या भारतवारीत कऱ्हाडहून तू पितळी डबे आणलेस, आईच्या माळ्यावरचे, कल्हई लावून. कस्टम्सवाल्याने बॅग उघडून विचारलं, हे काय आहे, तर तू म्हणालीस, 'मिलिटरीचं सामान.' तुला त्यांनी तासभर बसवून ठेवलं होतं. मी बाहेर पार्किंगचे पैसे भरत होते.

पुढे जे झालं ते त्या डब्यांमुळे झालं. तू शिपायांना लाडू कागदात द्यायची नाहीस, डब्यात द्यायचीस. खा आणि संध्याकाळी डबा आणून दे. पहिल्यांदा डेलच आला, डबा घासून पुसून लख्ख करून. त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई खूश होईल. तू झाकण उघडलंस, आत बघितलंस आणि तुझा चेहरा उतरला. 'रिकामा?' त्याला काही कळेना. 'आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात.' तुझं इंग्लिश रोखठोक, त्यात तुझी ती कपाळावरची आठी. हा साडेसहा फूट माणूस 'येस मॅम' म्हणाला, डबा घेऊन गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. आत झाडाखालचे चार अक्रोड होते. हिरव्या सालीसकट. तू ते घरी आणून फोडायला बसलीस आणि तुझी बोटं महिनाभर काळी होती.

त्यानंतर सगळ्यांनी धडाच घेतला. कुणी सफरचंद घालायचं, कुणी कोटाचं जास्तीचं बटण, कुणी घरच्या परसातले वाल. एकाने काहीच सापडलं नाही म्हणून काडतुसाची रिकामी पुंगळी घातली होती, ती तू देवापाशी ठेवलीस. मी म्हटलं, ताई, देवापाशी? तू म्हणालीस, 'दिवाळीतल्या लवंगीचा वास येतो त्याला.' पलीकडच्या छावणीतले करड्या कोटातले लोक यायचे त्यांनाही ही पद्धत लावलीस. त्यांना लाडू देताना विचारायचीस, 'आज हरलात ना? मग घ्या. आणि गुलामगिरीच्या बाजूने उभं राहायला काही वाटत नाही का रे, खोटं खोटं असलं तरी?' त्यांच्यातला एक जण पुढच्या वर्षी निळा कोट घालून आला. तुझ्यामुळेच असं मी म्हणणार नाही. पण लाडवांचा थोडा हात असेल.

मग तो नवा भरती झालेला पोरगेलासा शिपाई. बघायला आलेल्या लोकांना छाती काढून सांगत होता की यादवी युद्धात शिपाई सटलरबाईचा डबा कधीच रिकामा परत करत नसत, तसा नियमच होता. लोक माना डोलावत होते, एक जण फोनवर शूट करत होता. माझं डोकंच फिरलं. तंबूत आले आणि म्हटलं, 'ताई, हा खोटा इतिहास आहे. मी जाऊन सांगते.' तू माझा हात धरलास. 'असू दे गं. कुणाचं नुकसान झालं?' 'तुझं झालं. पद्धत तू आणलीस, आणि हे नाव लावतात त्यांच्या खापरपणजोबांचं.' तू लिंबं पिळत होतीस, पिळत राहिलीस. 'पद्धत राहिली ना? नाव कशाला लागतंय?' मी म्हटलं, 'गाडीत तूच भांडतेस ना की बुणग्यांची नावं कुणी ठेवली नाहीत म्हणून?' तेव्हा तू हसलीस फक्त. आयुष्यात एकदाच मी तुला गप्प केलं आणि तेव्हाही तू सरबतात साखर कमी आहे असं म्हणून विषय बदललास. साखर नेहमीच कमी असायची. त्या बाबतीत तू पक्की चिकट होतीस.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

माझी आई तिकडे नागपूरला वारली तेव्हा माझे व्हिसाचे कागद मध्येच अडकले होते. गेले असते तर परत कधी येता येईल ह्याची खात्री नव्हती, मुलगी शाळेत, सुधीरची नोकरीही डळमळीत. भावाने व्हिडिओवर सगळं दाखवलं. मी किचनच्या ओट्यापाशी फोन धरून उभी राहून आईला शेवटचं बघितलं. रडू आलं नाही. भाजी चिरली, मीटिंगा केल्या, लॉन्ड्री केली. तेराव्याला शनिवार होता आणि कॅम्प होता. तू सकाळी दारात टॅक्सीने आलीस आणि म्हणालीस, 'चल, गाडी काढ.' मी म्हटलं, ताई, आज नको. 'आजच. तेराव्याला जेवायला घालायचं असतं ना? इथे आणून कुणाला घालणार आहेस? माझ्याकडे अख्खी पलटण आहे.'

तू सगळं सामान आणलं होतंस. चुलीवर मोठ्या कढईत खीर, दुसरीकडे वरण, तवाभर पोळ्या. कांदा-लसूण नाही, हेही तुझ्या लक्षात होतं. मला पोळ्या लाटायला बसवलंस आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस, ते बरं झालं. सांत्वनाचं काही बोलली असतीस तर मी लाटणं टाकून गाडीत जाऊन बसले असते. शिपायांना तू काय सांगितलंस मला माहीत नाही. पण ते रांगेत आले ते टोप्या काढून आले. ताटली घेतली की माझ्याकडे बघून मान झुकवायचे आणि पुढे व्हायचे. धुराने माझे डोळे चुरचुरत होते, निदान मी तसं समजत होते. सगळ्यांचं झाल्यावर डेल आला आणि म्हणाला, 'तुझ्या आईला सांग, जेवण फार छान होतं.' त्याला आपल्यातला काही रिवाज माहीत असायचं कारण नव्हतं. आपल्याच मनाने बोलला. तेव्हा मी रडले, ताई. कणकेच्या हातांनी तोंड झाकून रडले, आणि तू माझ्या वाटच्या पोळ्या लाटत होतीस.

ह्याबद्दल मी तुला थँक्यू कधी म्हटलं नाही. एकदा म्हणायला गेले तर डोळे वटारलेस. 'थँक्यू काय? मी काय परकी आहे?' मग राहिलंच. आता तुला वटारता येणार नाही, म्हणून म्हणून घेते. थँक्यू, विजूताई. आईच्या तेराव्याला तिच्या नावाने जेवलेली माणसं मी डोळ्यांनी बघितली, ती तुझ्यामुळे. परक्या देशात माझ्या दुःखाला बसायला जागा दिलीस, ती चुलीजवळ दिलीस.

जानेवारीत मी तुझ्याकडे आले तेव्हा तू अर्धी झाली होतीस. पलंगावर उशांना टेकून बसलेली, आणि हुकूम चालूच. खिडकीचा पडदा सरळ कर, चहात आलं कमी आहे. मग एकदम म्हणालीस, 'तंबू तू लावशील का गं?' मी म्हटलं, आधी तू बरी हो. तू म्हणालीस, 'मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय.' आणि डोळे मिटून घेतलेस. मी नाही म्हटलं नव्हतं, ताई. हो म्हटलं तर तू जाशील, एवढंच माझ्या मनात होतं.

तुझी लेक नेहा पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून आली ती शेवटपर्यंत तुझ्याजवळ होती, हे तुला माहीत आहे. तिने मागे सगळ्यांना कळवलं की फुलं आणू नका. मंदिराच्या हॉलमध्ये आम्ही सतरंज्या घातल्या, तुझा फोटो ठेवला. झगा आणि बॉनेट, म्हणजे ती जुन्या काळची फितीची टोपी, घातलेलाच, नेहाचा हट्ट. भजन सुरू होतं आणि दारात गोरी माणसं येऊन उभी राहिली. जीन्स, शर्ट, कुणी जॅकेट. मला आधी ओळखूच आली नाहीत, निळ्या कोटांशिवाय कधी बघितलीच नव्हती ना. बूट काढताना त्यांच्या हातात काय आहे ते दिसलं. पितळी डबे.

मागच्या शरदात, हंगामाचा शेवटचा कॅम्प उठताना, तू प्रत्येकाला डबा भरून लाडू घरी नेऊ दिले होतेस. 'थंडीत खा, वसंतात आणून द्या.' मी तेव्हा कटकट केली होती, डबे परत येणार नाहीत म्हणून. सगळे आले. एकेक जण पुढे झाला, फोटोसमोर डबा ठेवला, मागे सरकला. नेहा माझ्या कानात इंग्लिशमध्ये म्हणाली, 'हे पॉटलक आहे का? सगळ्यांनी घरून जेवण आणलंय?' मी म्हटलं, झाकण उघडून बघ. एकात मध, एकात वाळवलेले वाल, एकात आल्याच्या कुकीज. मार्थाच्या डब्यात, हो, ती कपडे तपासणारी मार्था, त्याच चौकडीच्या कापडाचा शिवलेला छोटा बटवा. डेलने आणि त्याच्या बायकोने घरी शेंगदाण्याचे लाडू करायचा प्रयत्न केला होता. चपटे झाले होते, गूळ करपलेला. नेहाने त्यातला एक उचलला, खाल्ला, आणि आपल्या आईसाठी ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. भजनवाल्या काकूंनी पेटी थांबवली.

ते डबे आमच्या घरी आले. मध चहात गेला, कुकीज माझ्या मुलीने संपवल्या, वालाची उसळ केली. घासून पुसून डबे ओट्यावर पालथे घातले. सकाळी चहा करताना त्यांच्याकडे बघत होते. रिकामे डबे, आणि दुसऱ्यांनी भरून दिलेले. तू अशी काही पेचात पकडतेस माणसाला. मी शेंगदाणे भाजायला घेतले आणि दुसऱ्या हाताने डेलला फोन लावला. म्हटलं, जागा दुसऱ्याला देऊ नकोस.

परवाच्या शनिवारी तंबू लावला. सुधीरने खांब ठोकले, पहिल्यांदा उलटे. तुझा झगा मला लांब होतो, खाली दुमडून टाके घातले. सरबतात साखर माझ्या मापाने घातली आणि सगळ्यांनी मागून घेतलं, हे तुला मुद्दाम सांगते. दुपारी एक बाई आली, शाळेत शिकवते म्हणाली. आधी तिला तो पोरगेलासा शिपाई भेटला असणार, कारण तिने डबा उचलून विचारलं, 'युद्धाच्या काळात हे रिकामे परत करत नसत म्हणे, खरं का?'

तुझी आठवण झाली. असू दे गं, कुणाचं नुकसान झालं. पण मी मास्तरांची मुलगी आहे आणि तू मला आता हात धरून थांबवू शकत नव्हतीस. म्हटलं, 'नाही. ही पद्धत एका बाईने आणली. त्यांचं नाव विजया. भारतातल्या कऱ्हाडच्या.' तिने दोनदा विचारून नाव नीट म्हणून बघितलं. मग विचारलं, 'कुठल्या पलटणीबरोबर होत्या त्या?'

मागे ड्रिल संपलं होतं. निळे कोट घामाने भिजलेले, डेल सगळ्यांत पुढे, आपापले पेले घेऊन सगळे तंबूकडे येत होते.

'ह्या पलटणीबरोबर,' मी म्हटलं, आणि तिच्यासाठी डबा भरायला घेतला.